छातीवर होडी आली, तोंड निळं पडलं… माणूस गेला असं समजू नका!

सर्व सभासद, होडीमालक आणि खलाशी बांधवांनो,

३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. वर काढून ठेवलेल्या होड्या पाण्यात ढकलायची घाई सुरू होईल. टेकू निसटून होडी अंगावर कलंडणं, होडी आणि जेटीच्या मध्ये माणूस दाबला जाणं, असे अपघात घाईतच होतात. म्हणून हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

छातीवर एकदम मोठा भार आला की माणूस घाबरून श्वास रोखतो. आत हवा कोंडलेली, वरून दाब. मग हृदयाकडे येणारं रक्त उलटं मान आणि डोक्याच्या शिरांत चढतं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. याला डॉक्टर ट्रॉमॅटिक अ‍ॅस्फिक्सिया म्हणतात. पॅरिसमध्ये गर्दीत चेंगरून मेलेल्या माणसांवरून एका फ्रेंच डॉक्टरने १८३७ मध्ये हे पहिल्यांदा लिहून ठेवलं.

ओळखायचं कसं?
👉 तोंड, मान आणि छातीचा वरचा भाग निळा-जांभळा, सुजलेला. खाली मात्र अंगाचा रंग नेहमीचा.
👉 डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक.
👉 तोंडावर, मानेवर लाल-जांभळे बारीक ठिपके.
👉 गोंधळल्यासारखं बोलणं, अंधुक दिसणं, झटके येणं किंवा शुद्ध हरपणं.

काय करायचं?
✅ आधी भार काढा. पण होडीला ठोकळे लावूनच, नाहीतर ती पुन्हा घसरेल आणि सोडवणाराही सापडेल.
✅ दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा.
✅ मान-पाठ वाकवू नका. हातपाय धरून उचलू नका. पाणी पाजू नका.
✅ श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा. गाडी येईपर्यंत थांबू नका.

दोन चुका हमखास होतात. एक, तोंड बघून "हा गेला" म्हणून हात सोडून देणं. भार लवकर निघाला तर अशी माणसं वाचतात, आणि तो निळेपणा काही दिवसांत आपोआप उतरतो. दुसरी, माणूस उठून बसला आणि "मला काय झालं नाय" म्हणाला की घरी नेणं. आत बरगडी मोडलेली असू शकते, फुफ्फुसाला मार असू शकतो. डोळे लाल दिसले की थेट हॉस्पिटल. तिथे "छाती दाबली गेली होती, इतका वेळ" हे नक्की सांगा.

तांडेलांनो, होडी हलवताना उताराच्या बाजूला कोणाला उभं करू नका. एक भरती चुकली तर दुसरी येते.

तुमचा,
सचिव