संत्र्याच्या बागेतील जमिनीचा श्वासोच्छ्वास

नागपुरी संत्र्याच्या बागेत झाड दिसते, फळ दिसते. परंतु त्याखालील जमीनही अहोरात्र श्वास घेत असते, इकडे सहसा लक्ष जात नाही. मुळे व मातीतील असंख्य सूक्ष्म जीव प्राणवायू घेतात आणि कर्बवायू बाहेर टाकतात. बाहेरील हवेत कर्बवायू शेकडा ०.०४ इतकाच असतो. मातीतील हवेत तो बहुधा त्याच्या कितीतरी पट असतो. तो वर निघून जाऊन त्याच्या जागी ताजी हवा येत राहिली, तरच मुळे निरोगी राहतात.

ही क्रिया प्रत्यक्ष दाखविता येते. सायंकाळी दोन वाट्यांत चुन्याची स्वच्छ निवळी घ्यावी. एक वाटी झाडाखालील वाफशाच्या जमिनीवर ठेवून तीवर घमेले पालथे घालावे व कडा मातीने लिंपाव्यात. दुसरी फरशीवर पातेल्याखाली झाकावी. सकाळी पहिल्या वाटीत पांढरी साय अधिक दाट दिसेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग शेतकऱ्यांसमोर अवश्य करावा.

ओल पुरेशी असल्यास तापमान १० अंश सेल्सिअसने वाढताच हा श्वासोच्छ्वास साधारणतः दुपटीने वाढतो. म्हणूनच थंडीत तो मंदावतो. मे महिन्यात ऊन प्रखर असूनही कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत तो मंदच असतो, कारण ओल नसते. मृगाचा पहिला पाऊस पडताच मात्र तो एकाएकी उसळतो व काही दिवसांत ओसरतो. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील जमिनींत या क्रियेचा अभ्यास करून १९५८ साली तो प्रसिद्ध केला. या उसळीत सेंद्रिय द्रव्यातील नत्रही मोकळे होते.

खरा धोका पुढेच असतो. श्रावणातील झडीत काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. ऊब असल्याने मुळांची प्राणवायूची गरज कायम राहते. पुरवठा तेवढा तुटतो. तंतुमुळे गुदमरून कुजतात, मूळकूज व डिंक्या यांच्या बुरशीस वाव मिळतो आणि पाने पिवळी पडतात. बागाईतदार ती खताची उपासमार समजून त्याच चिखलात खत टाकतो. कच्चे शेणखत असल्यास ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते, आणि झाड वाचविण्याच्या खर्चातच झाड जाते.

यास्तव पिवळी पाने दिसताच प्रथम कुदळ हाती घ्यावी. झाडाच्या घेराच्या कडेशी फूटभर खोल खणून पाहावे. माती निळसर करडी व कुबट वासाची असल्यास आणि मुळांची साल बोटाने सहज सुटत असल्यास खत थांबवून पाण्यास वाट द्यावी. दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने सुमारे एक फूट खोल चर पावसाळ्यापूर्वीच काढावेत; भर पावसात चिखल तुडवून काढलेल्या चरांनी माती अधिकच दबते. खत वाफसा आल्यावरच द्यावे, व तेही चांगले कुजलेले.