वाहनाच्या सायलेन्सरमधील जाम झालेला ऑक्सिजन सेन्सर कसा काढावा?

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी आज अनेक शेतकऱ्यांनी पेट्रोल अथवा सीएनजीवर चालणारी लहान मालवाहू वाहने घेतली आहेत. दिनांक १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. या मानकांनुसार बनविलेल्या अशा वाहनांच्या धुराच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. तो बिघडल्यास इंधनाचा खर्च वाढतो. आणि तो काढताना घाई झाल्यास नळीतील आटे जाऊन लहानशा दुरुस्तीचे मोठ्या खर्चात रूपांतर होते. म्हणून या कामाची योग्य पद्धत शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

सेन्सरचे कार्य

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती शिल्लक आहे, हे सेन्सर ओळखतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचा चिनीमातीसारखा ठिसूळ भाग असतो. तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला म्हणजे काम करू लागतो. प्राणवायू जास्त असल्यास सेन्सर सुमारे ०.१ व्होल्ट व कमी असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट इतका विद्युत्दाब देतो. या संकेतावरून इंजिनाचा नियंत्रक इंधनाचे प्रमाण कमी-अधिक करतो. संकेत चुकीचा मिळाला तर इंधन अधिक सोडले जाऊ शकते, धुराच्या नळीत काजळी धरते आणि न जळलेल्या इंधनामुळे धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अति तापून निकामी होण्याचा संभव असतो.

आधी खात्री, मग पाना

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की सेन्सरच बिघडला, असे समजू नये. गोठ्याजवळ अथवा धान्याच्या कोठीजवळ उभ्या असणाऱ्या वाहनांच्या तारा उंदीर कुरतडतात. धुराच्या नळीला भोक पडल्यास त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू जास्त आढळतो आणि नियंत्रक विनाकारण इंधन वाढवितो. म्हणून प्रथम तारा, जोडणी व नळी तपासावी आणि कार्यशाळेतील तपासणी यंत्राने दोषाचा संकेत वाचून घ्यावा. सेन्सर चांगला असताना तो उपटण्याचा प्रयत्न केल्यास नसलेला बिघाड ओढवून घेतल्यासारखे होते.

सेन्सर जाम का होतो?

सेन्सर व नळीवरील आट्यांचे कडे हे दोन्ही धातूचे असून रोज तापतात आणि थंड होतात. पावसाळ्यातील चिखल, कोकण किनाऱ्यावरील खारी हवा आणि वाहनातून नेलेल्या रासायनिक खताची भुकटी यांमुळे बाहेरील आटे गंजतात. आतील बाजूस काजळी धरते. अशा रीतीने दोन्ही भाग एकमेकांस घट्ट धरून बसतात.

काढण्याची पद्धत

वाहन सपाट जागी उभे करून हातब्रेक लावावा व चाकांना दगडाची अगर लाकडाची उटी द्यावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या वाहनाखाली कदापि शिरू नये. बॅटरीची ऋण तार सोडवावी व सेन्सरच्या तारेची जोडणी अलग करावी.

नळी पूर्ण थंड असताना कड्याभोवती तारेच्या ब्रशने गंज साफ करून गंज सोडविणारे तेल लावावे. शक्य असल्यास ते रात्रभर मुरू द्यावे. तापलेल्या नळीवर तेल ओतू नये. ते पेट घेण्याचा धोका असतो. सकाळी वर राहिलेले तेल पुसून बॅटरीची तार तात्पुरती जोडावी, इंजिन काही मिनिटे चालवून नळी कोमट करावी आणि इंजिन बंद करून तार पुन्हा सोडवावी. उष्णतेने कडे किंचित प्रसरण पावते. या वेळी जाड चामड्याचे हातमोजे घालावेत.

मोटारीच्या सेन्सरला सामान्यतः २२ मिलिमीटरचा पाना लागतो. तार जाण्यासाठी फट ठेवलेला गोटी पाना यासाठी मिळतो. परंतु जुना सेन्सर टाकूनच द्यावयाचा असेल तर त्याची तार कापून पूर्ण सहा कोनी गोटी पाना वापरणे अधिक चांगले, कारण फटीचा पाना जोर पडताच फाकतो. बारा कोनी अथवा ढिल्या पान्याने सेन्सरचे कोन गोल होतात. झटके न देता जोर हळूहळू वाढवावा. सेन्सर थोडा फिरून पुन्हा अडला तर तो मागे फिरवावा, नळी थंड झाल्यावर तेल द्यावे व मग पुन्हा पुढे घ्यावा. अडलेला असताना ओढल्यास आटे निघून येतात.

एवढ्यानेही तो न हलल्यास कड्याला बाहेरून गॅसच्या ज्योतीने तापविण्याचा उपाय आहे. इंधनाची नळी व सीएनजीची टाकी जवळ असल्याने हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. शेतावर करू नये. कोन गोल झाले असल्यास ग्रिप प्लायरने धरून पाहावे, अथवा कारागिराकडून सेन्सरवर नट वेल्ड करून तो फिरवून घ्यावा.

आटे गेले असल्यास

बहुतेक मोटारींच्या सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर अंतराचे असतात. मोटारसायकलींचे सेन्सर बहुधा त्याहून लहान असतात. आटे थोडेच बिघडले असल्यास त्याच मापाच्या टॅपने ते साफ करता येतात. टॅपच्या खोबणीत ग्रीज भरावे, म्हणजे लोखंडाचा कीस त्यात चिकटतो व नळीत पडत नाही. आटे पूर्ण गेले असल्यास आट्यांची नवी बांगडी बसवावी किंवा नवे कडे वेल्ड करून घ्यावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडविणे अगत्याचे आहे. चिंधी, सुतळी अथवा लांबी भरून सेन्सर बसविल्यास ते लवकरच जळते व गळती सुरू होते.

नवा सेन्सर बसविताना

वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचाच सेन्सर घ्यावा. त्याच्या आट्यांना बहुधा जाम न होण्याचा लेप कारखान्यातच लावलेला असतो. तो नसल्यास उच्च तापमानाला टिकणारा निकेलयुक्त लेप फक्त आट्यांना लावावा. टोकाला लागू देऊ नये. साधे ग्रीज वा सिलिकॉन वापरू नये. पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत. पुस्तिकेत वेगळे माप नसल्यास सुमारे ४० न्यूटन-मीटर इतके आवळणे पुरे होते. म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोग्रॅम वजनाएवढा जोर. तार नळीला टेकणार नाही अशी बांधावी.

जुन्या साध्या डिझेल ट्रॅक्टरला हा सेन्सर नसतो. तथापि त्याच्या सायलेन्सरचे गंजलेले बोल्ट काढतानाही तेल, वेळ आणि मागे-पुढे फिरविणे हाच क्रम उपयोगी पडतो. पावसाळ्यानंतर आणि खताची वाहतूक केल्यावर वाहनाचा खालचा भाग थंड असताना स्वच्छ पाण्याने धुतल्यास पुढील वेळी हे काम सोपे होईल. एक रात्र तेल मुरू देण्यास खर्च थोडाच येतो. तुटलेले आटे मात्र ऐन हंगामात वाहन कार्यशाळेत अडकवून ठेवतात, आणि तोवर तोडलेला भाजीपाला शेतावरच पडून राहतो.