उसाचें पान आणि गव्हाचें पान

गेल्या उन्हाळ्यांत पालकांच्या भेटीच्या दिवशीं माण तालुक्यांतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलाच्या अभ्यासाची विचारपूस झाल्यावर ते जरा संकोचानें म्हणाले, "गुरुजी, पोरगं म्हणतंय, ऊस थोडक्या पाण्यात जास्त माल करतोय. मग धरणाचं समदं पाणी त्योच कसा पितोय?" प्रश्न रास्त होता. वर्गांत आम्हीं निम्मीच गोष्ट सांगितली होती, हेंही त्यामुळें उघड झालें. उरलेली निम्मी येथें लिहीत आहों.

हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या बळावर कर्बवायु व पाणी यांपासून साखर तयार करतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु हा कर्बवायु पकडतो कोण? हवेच्या १० लक्ष भागांत तो अवघा ४२५ भागांच्या आसपास असतो. प्राणवायु मात्र १०० भागांत २१. इतक्या गर्दींतून कर्बवायु निवडून घेण्याचें काम पानांतील एक प्रथिन करतें. अशा काम घडवून आणणाऱ्या प्रथिनांस विकरें म्हणतात, आणि या विकराचें नांव रुबिस्को.

हा कामगार मोठा संथ आहे. कित्येक विकरें एका सेकंदांत हजारों वेळां आपलें काम उरकतात. रुबिस्को जेमतेम तीन वेळां. म्हणून झाडाला त्याचा साठाच करावा लागतो. गव्हाच्या पानांतील विरघळणाऱ्या प्रथिनांपैकीं तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत एकटें रुबिस्कोच असतें. बरें, संथ असून सावध असावें, तर तेंही नाहीं! कर्बवायूऐवजीं तें पुष्कळदां प्राणवायूच पकडतें. मग जो निरुपयोगी पदार्थ बनतो तो निस्तरतांना पूर्वीं मिळविलेला कर्ब पुन्हां हवेंत जातो. २५ अंश उष्णतेच्या सुमारास गव्हासारख्या पिकाच्या मिळकतीचा सुमारें चौथा हिस्सा असा वायां जातो, आणि ऊन वाढेल तसा तोटाही वाढतो. गहूं, भात, सोयाबीन, भुईमूग, कोरेगांवचा घेवडा, सांगलीची हळद, तासगांवचीं द्राक्षें, हीं सर्व याच व्यवस्थेचीं पिकें होत.

उसाच्या पानांत व्यवस्था निराळी आहे. बाहेरच्या पेशींत पेप कार्बॉक्सिलेज नांवाचें दुसरें विकर पहारा करतें. प्राणवायूला तें ओळखतच नाहीं, म्हणून त्याची चूक होत नाहीं. पाण्यांत विरघळलेला कर्बवायु पकडून तें चार कर्बअणूंचें एक अम्ल बनवितें. हें अम्ल शिरेभोंवतालच्या पेशींच्या कड्यांत जातें. तेथें तें फुटून कर्बवायु मोकळा होतो आणि कोंडलेल्या खोलींत धूर दाटावा तसा दाटतो. रुबिस्को याच खोलींत बसलेलें असतें. प्राणवायूला तेथें फारसा वाव उरत नाहीं.

पेशींचें हें कडें हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८४ सालींच वर्णिलें होतें. पण त्याचा उपयोग उमगण्यास ऐंशी वर्षें लागलीं. १९६५ त हवाई बेटांतील ऊस-संशोधकांनीं उसांतील चार कर्बांच्या अम्लांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९६६ त ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक यांनीं साऱ्या प्रक्रियेचा मार्ग उलगडला. हे दोघेही एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते, हें येथील मंडळींना मौजेचें वाटेल.

आतां हें नवें विकर आलें कोठून? तें नवें नव्हेच. गव्हांत, हरभऱ्यांत, किंबहुना मुळांतही तें किरकोळ कामें करीत असतेंच. कांहीं वनस्पतींत त्याच्या जनुकाची दुसरी प्रत झाली व ती हळूहळू बदलत गेली. साडेनऊशेंहून अधिक मण्यांच्या त्या प्रथिनमाळेंत एका ठराविक जागीं अॅलॅनिन हा मणी असावयाचा, तेथें मका व ज्वारी यांच्या पानांतील प्रतींत सेरिन आढळतो. एका मण्याचा बदल, पण कामावर त्याचा परिणाम मोठा. अशा पिकांतील रुबिस्कोही थोडें निराळें असतें. कर्बवायु भरपूर मिळत असल्यानें त्याला निवड काटेकोर करावी लागत नाहीं, म्हणून तें अधिक वेगानें चालतें.

आंतल्या खोलींत अम्ल फोडणारीं विकरेंही एकाच प्रकारचीं नाहींत. ऊस, मका, ज्वारी व बाजरी यांत एक प्रकार मुख्य. महाबळेश्वराकडची नाचणी व राजगिरा यांत दुसरा. जनावरांच्या गिनी गवतांत तिसरा. अर्थात् हे विभाग फार काटेकोर नाहींत. एकाच पिकांत दोन रीती थोड्याबहुत मिसळलेल्या असतात. सोयाबीनच्या शेतांत माजणारी हरळी व लव्हाळा हींही याच कुळांतलीं होत. भर उन्हांत तीं पिकाच्या पुढें कां जातात, हें आतां ध्यानांत येईल. मुलांनीं ज्वारीचें व गव्हाचें पान उजेडापुढें धरून भिंगांतून पाहावें. ज्वारीच्या शिरा किती दाट असतात तें दिसेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पेप कार्बॉक्सिलेजची पकड घट्ट असल्यामुळें उसाच्या पानाला आपलीं रंध्रें फार उघडावीं लागत नाहींत, म्हणून पाणी कमी उडतें. एक किलो सुकें अंग बनविण्यास गव्हासारख्या पिकास साधारण ४०० ते ५०० किलो किंवा त्याहूनही अधिक पाणी लागतें. ऊस व ज्वारी यांस २५० ते ३००. येथवर मुलाचें म्हणणें खरें. परंतु ऊस शेतांत बारा महिने उभा असतो, आडसाली तर सोळा-अठरा. चैत्र-वैशाखाचें सारें ऊन तो अंगावर घेतो, आणि त्याचें अंगही प्रचंड वाढतें. किलोमागें काटकसर करणारा हा गृहस्थ वर्षाच्या हिशेबांत सर्वांत खर्चिक ठरतो. शिवाय थंडींत त्याचें एक साहाय्यक विकर लंगडें पडतें, म्हणून पौषांत तो जवळजवळ थांबतो. पाण्याची पाळी मात्र चुकत नाहीं. पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्रांत १९३२ पासून उसाचा अभ्यास चालला आहे, आणि को ८६०३२ सारख्या जातींनीं उतारा वाढविला; पण पिकाची मुदत कांहीं कोणी चार महिन्यांवर आणलेली नाहीं. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांनीं कृष्णेचें पाणी उचलून दुष्काळी गांवांकडे नेलें आहे. तें किती शिवारांस पुरावें, हा वाद पुष्कळसा या मुदतीचाच आहे.

हें सर्व आम्हीं त्या गृहस्थांस जमेल तसें सांगितलें. ते बोटांवर महिने मोजूं लागले, मग थांबून म्हणाले, "म्हंजी आमची शाळू बी त्याच घराण्यातली की, गुरुजी! अन् ती तर जमिनीतल्या वलीवर चार महिन्यात घरला येतीया." मुलगा बापाच्या पाठीमागें उभा होता, त्यानें मान हालविली. पुढल्या आठवड्यांत तो गांवाहून परतला तेव्हां त्याच्या वहींत कडब्याचें एक पान व उसाचें एक पान दाबून ठेवलेलें होतें, आणि भिंग मिळेल कां, असें तो विचारीत होता.