छातीत ‘उसण’ भरलीय म्हणून किती दिवस काढायचे?

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये किंवा भोसरीच्या फाउंड्रीत कुणाला श्वास घेताना बरगडीखाली कळ आली, की निदान जागेवरच होतं : ओझं उचललं, उसण भरली. बाम चोळायचा, मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि रात्रपाळीला हजर व्हायचं. पुष्कळदा ती खरंच उसण असते. पण खोल श्वास, खोकला, शिंक, जांभई, दर वेळी त्याच जागी सुरी खुपसल्यासारखं होत असेल आणि अंगात ताप असेल, तर फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. या आवरणाचे दोन पातळ पदर एरवी एकमेकांवरून अलगद सरकतात. सुजले की घासतात.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे दुखायचं थांबलं की बरं झालं. कधीकधी पदरांमध्ये पाणी साठतं, ते एकमेकांपासून लांब जातात आणि कळ नाहीशी होते. जिना चढताना धाप मात्र लागू लागते. एक्स-रे टाळू नये तो अशाच वेळी.

‘बेडका पडत नाही, मग टीबी कसा?’ असंही विचारतात. टीबीमुळे छातीत पाणी होणं आपल्याकडे नेहमीचं आहे, आणि त्यात थुंकीची तपासणी बरेचदा निगेटिव्ह येते. संध्याकाळचा बारीक ताप, मंदावलेली भूक आणि घटतं वजन यांकडे लक्ष हवं. फाउंड्रीतल्या सिलिकाच्या धुळीत वर्षानुवर्षं राबलेल्यांनी तर जास्तच. सुईने पाणी काढलं की ते सारखं भरतं, ही भीतीही खोटी. मूळ आजार तसाच राहिला तर ते भरतं. शिवाय आजार कोणता, हे बहुधा त्या पाण्यातूनच कळतं.

घरी छाती पट्ट्याने आवळू नका. श्वास उथळ होतो, कफ साचतो, न्यूमोनियाला वाट मिळते. दुखऱ्या कुशीवर झोपल्याने अनेकांना आराम पडतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पावसाळ्यात ताप असेल तर डेंगीची शक्यता मिटेपर्यंत आयबुप्रोफेन नको. अचानक दम कोंडला, थुंकीतून रक्त आलं, एक पाय सुजला किंवा कळ डाव्या हातात, जबड्यात गेली, तर १०८ ला फोन करा.

टीबी निघालाच, तर सरकारी औषधं मोफत आहेत, साधारण सहा महिन्यांची. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर टीबी तिथल्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे : दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल, तर रजेच्या काळात ८० टक्के वेतन मिळू शकतं. कंत्राटी कामगारांनाही ईएसआय लागू होते. ठेकेदाराकडून आपला विमा क्रमांक आजच मागून घ्या.