खाडी आपल्या दारात

महाड-पोलादपूरच्या बाईला समुद्र म्हटलं की आठवतो हरिहरेश्वर, नाहीतर मुरुड. सुट्टीत मुलांना घेऊन जायचं ठिकाण! आपण डोंगरातल्या, आपला खाऱ्या पाण्याशी काय संबंध, असं वाटतं. पण महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि तिथून पुढे ती नदी कमी, खाडी जास्त असते. बाणकोटच्या मुखातून शिरलेली भरती दिवसातून दोनदा महाडच्या बाजूला चढते. एके काळी इथे बंदराचा व्यापार चालायचा तो याच पाण्याच्या जोरावर.

काठावरची झाडं पाहिली तरी पाणी कुठे बदललं ते कळतं. पोलादपूरकडे करंज, उंबर, वाळुंज. दासगावच्या पुढे आंबेतकडे निघालं की चिखलात उभी असलेली, चकचकीत पानांची गर्द झुडपं सुरू होतात. हीच कांदळवनं. बोलताना आपण सगळ्यालाच ‘खाडीतली झाडं’ म्हणून मोकळ्या होतो, पण त्यात तिवर वेगळा, कांदळ वेगळा, चिप्पी वेगळी. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची ती मारांडी.

या झाडांचा संसार मोठा कष्टाचा. पायाखाली चिखल, त्यात हवा नाही, वरून पाणी खारं. तिवराने यावर उपाय काढलाय. त्याची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी श्वास घेतात. नको असलेलं मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. कांदळाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लांब वाढतं, आणि अंगात बळ आलं की मगच खाली सुटतं. चिखलात रुतलं तर तिथेच मूळ धरतं, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरा काठ शोधतं. लेकीला पायावर उभी करून मगच सासरी धाडणारी आई आठवते की नाही? चिप्पीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत गळून जातात, म्हणून आपल्याला ती दिसतच नाहीत. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

आता स्वयंपाकघराचं बोलू. कोलंबीची पिल्लं, बोय, चिंबोऱ्या आणि आपला लाडका जिताडा, या सगळ्यांचं बालपण खाडीत आणि या मुळांच्या आडोशाला जातं. गळून कुजलेली पानं हे तिथलं पहिलं अन्न. मोठे मासे त्या जाळीत सहज शिरू शकत नाहीत. खाडीवरच्या भोई-कोळी बायकांची पाटी भरते ती या आडोशामुळे. झाडं गेली की पाटी हलकी होते. मग आपण बाजारात भाव ऐकून नाक मुरडतो!

पण आपल्याकडे या झाडांवर एक आरोप सारखा ऐकू येतो. पूर आला की कुणीतरी म्हणतंच, ‘खाडीत झाडी माजलीय, म्हणून पाणी तुंबतं.’ २०२१ च्या जुलैतलं पाणी आपण विसरणं शक्य नाही. त्याच दिवसांत तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूरकडेही डोंगर खचले. ही माती गेली कुठे? नदीत. उघड्या पडलेल्या उतारांवरून दर पावसाळ्यात माती येते, संथ पाण्यात बसते, आणि अशा गाळावर कांदळ रुजतं. म्हणजे गाळ आधी, झाड नंतर. झाडं गाळ धरून ठेवतात, हे खरं. पण त्यामुळेच काठ ढासळत नाही. मुख्य प्रवाहातला गाळ जरूर काढावा, त्याबद्दल वाद नाही. त्या निमित्ताने काठावरच्या कांदळावरही पोकलेन फिरवणं मात्र मला मुळीच पटत नाही. डोंगरात मुसळधार आणि खाली भरती, असा योग जुळला की पाणी चढणारच. तो पूर कांदळ थांबवू शकत नाही, तसा आणतही नाही.

कायदाही या झाडांच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. जमीन सरकारी असो वा खाजगी, झाड तोडता येत नाही, भराव टाकता येत नाही. २०१२ मध्ये वन विभागाने यासाठी वेगळा कांदळवन कक्ष उभारला. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. आपल्या सावित्रीला असं बिरुद नाही, तरी तोडबंदी इथेही तेवढीच लागू. रात्रीत डंपर येऊन भराव पडला, तर तहसीलदार किंवा वन विभागाकडे लेखी तक्रार करता येते. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्या.

आणि मैत्रिणींनो, यातून चार पैसेही मिळू शकतात बरं का! वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी पर्यटकांसाठी कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवू लागल्या, झाडांची माहितीही त्याच सांगू लागल्या. दासगाव-आंबेतच्या पट्ट्यात होड्या आहेत, पाण्याची जाण असलेल्या बायका आहेत, आणि रायगड बघायला येणारी गर्दी तर महाडवरूनच जाते.