दगडाचं हत्यार घडवायला शिकताना

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानवाल्यांचा आणि दगड फोडण्याचा संबंध काय? संबंध असा, की ज्ञान डोक्यात असतं की हातातही असतं, हा आपला जुना प्रश्न आहे. दगड घडवायला बसलेल्या नवशिक्यासमोर तो पहिल्या तासाभरातच उभा राहतो.

विषय आपल्या भागाला परकाही नाही. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, त्याच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या तयार होतात. चंद्रपूरच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची प्रागितिहास शाखा नागपुरातच आहे. १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार मिळालं, तिथून भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. आपला अजब बंगलाही १८६३ चाच. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या ह. धी. सांकळियांनी ही हत्यारं कशी घडवत, त्यांना काय म्हणायचं आणि ती कशासाठी असावीत, यावर १९६४ साली पुस्तकच लिहिलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिली गोष्ट दगडाची निवड. मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, तसंच इथे करायचं. खणखणीत वाजला तर दगड एकसंध. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो बाजूला ठेवायचा. पोत बारीक हवा. गलोलीचा खडा खिडकीच्या काचेला बसला की अलीकडे बारीक भोक पडतं आणि पलीकडे मोठा टवका उडतो. जोर शंकूसारखा पसरत जातो. बारीक पोताचा दगड काचेसारखाच फुटतो. घडवण्याची सगळी विद्या या शंकूला हवी ती दिशा देण्यात आहे.

दुसरी गोष्ट कोनाची. ज्या पृष्ठावर मारायचं आणि ज्या बाजूने कपची निघायची, त्यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी हवा. गोल गोट्यावर कितीही मारा, हात दुखेल, कपची निघणार नाही. घाव कडेच्या जरासा आत बसवायचा आणि त्याआधी कड घासून घ्यायची, नाहीतर ती चुरडते आणि जोर वाया जातो. नवशिक्या नेमकं हे घासणंच टाळतो. शिवाय त्याची नजर घाव बसतो तिथे, वरच्या बाजूला असते. कपची मात्र खालच्या बाजूने निघते. म्हणजे जे दिसत नाही, त्याचा अंदाज बांधून मारायचं. घाव कमी पडला तर कपची अर्ध्यातच तुटते आणि दगडावर पायरी उरते. पुढची कपची त्या पायरीला अडते.

कुंभाराचं मडकं बिघडलं तर चिखल पुन्हा मळता येतो. दगडातून गेलेलं परत लावता येत नाही. म्हणून प्रत्येक घावाआधी पुढच्या दोन-तीन घावांचा विचार लागतो. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं, असा भेद केला. कोनाचा नियम आता तुम्हाला माहीत झाला. पण तो येतो असं म्हणायला बराच ढीग फोडावा लागेल. खंबातचे अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने वरून मारतात. असं कसब पोथीतून येत नाही, शेजारी बसून उचलावं लागतं.

काही पथ्यं मात्र पाळायचीच. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मांडीवर जाड चामडं. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायचं, कारण दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते. खंबातच्या घासकाम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. आणि नदीकाठी किंवा टेकडीवर जुनं हत्यार दिसलं तर ते उचलायचं नाही, त्यावर हात चालवून पाहायचा तर नाहीच. जागा नोंदवून पुरातत्त्व विभागाला कळवायचं. आपल्या नव्या कपच्याही तिथे टाकायच्या नाहीत. उद्याच्या अभ्यासकाची फसगत होईल.

हे सगळं शिकून हत्यार बनवायचं आहे कुणाला, असं तुम्ही विचाराल. शिकणाऱ्याची नजर बदलते, हा खरा लाभ. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्यावरच्या खुणा पाहून आधीचा घाव कुठला, नंतरचा कुठला, हे सांगता येतं. आपल्यासारखी भाषा ज्यांना होती की नाही हेही ठाऊक नाही, त्यांच्या विचाराचा क्रम दगडात शाबूत आहे. तो वाचता आला नाही तर ते हत्यार आपल्यासाठी नुसती गिट्टी. खाणीतून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून रस्त्याखाली जाईल, कुणाला चुकचुकल्यासारखंही वाटणार नाही. हाताने करणाऱ्याला आपण अडाणी म्हणत आलो. निदान एक कपची नीट काढून पाहिल्यावर तो शब्द जपून वापरू, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.