पोलो जीटी हळू चालवून बघणारे मिस्त्री

सकाळी ६.३०
भोसरीतल्या गॅरेजचं शटर अजून खालीच आहे. मिस्त्री स्कूटरच्या डिकीत सामान भरतायत. टॉर्च, स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, दोन-चार पाने, जुनी चादर. गाडीखाली आडवं व्हायचं तर अंगाखाली काहीतरी हवं. आज दोन गाड्या बघायच्या आहेत, दोन्ही फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. घेणारा एकच, हिंजवडीत नोकरी करणारा पोरगा. एका गाडीचे दीड हजार. त्याने गाडी घेतली तरी तेवढेच, नाही घेतली तरी तेवढेच. विकणाऱ्याचा मिस्त्री चहासुद्धा घेत नाहीत.

७.१५
कोथरूड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल जीटी, २०१४ची. धुऊन, पॉलिश करून ठेवलेली. पोरगा तिच्याभोवती फिरतोय. मिस्त्री सरळ जाऊन बॉनेटवर तळहात टेकवतात. कोमट.

"सकाळी चालू केली होती का?"

"हो, बॅटरी उतरायला नको म्हणून."

रात्री फोन करून त्यांनी बजावलं होतं, मी येईपर्यंत किल्ली फिरवू नका. रात्रभर उभ्या गाडीची खडखड, सायलेन्सरचा निळा धूर, सगळं पहिल्या मिनिटातच कळतं. इंजिन एकदा तापलं की बरंचसं लपतं.

८.००
यंत्र दारावर ठेवलं. १२० मायक्रॉन. छतावर ११५. डाव्या फेंडरवर ४८०. "इथे पुट्टी आहे." नुसतं फेंडर रंगवलेलं असेल तर मिस्त्री गाडी सोडत नाहीत. पुण्यात ओरखडा नसलेली गाडी कुठून आणणार? म्हणून ते बॉनेट उघडतात आणि पोराला वाकायला लावतात. फेंडरच्या बोल्टांच्या कडांवरचा रंग उडालाय, म्हणजे पाना लागलाय. त्याच्या खाली एप्रन, म्हणजे आतला पत्रा. उजवीकडे कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे बारीक गोल खळगे ओळीने दिसतात. डावीकडे एकही नाही, हाताने फासलेलं सीलंट आहे. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातलं वर्ष बाकीच्या काचांशी जुळत नाही.

"दादा, ही पुढून जोरात ठोकलीय. सोडा."

पोराचा चेहरा उतरतो. दीड हजार तो तिथल्या तिथे पाठवतो.

१०.००
गॅरेज. हाताखालच्या पोराने एका अल्टोचं ऑइल काढून ठेवलंय. त्याचा रोज सहाशे, वर दुपारचा चहा-वडापाव. मिस्त्री ब्रेक पॅड बदलतात, एका व्हॅगनआरचं वायरिंग शोधतात. पंखा नाही. दुपारपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो.

दुपारी १.३०
डबा. ज्वारीची भाकरी, पावट्याची उसळ. जीटीचा विषय निघाला की जेवता जेवता मिस्त्री खुलतात. ही गाडी २०१३ला आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इथून जवळच, चाकणला बनायची. २०२२ला पोलोचं उत्पादन थांबलं, तेव्हा आता घ्यायची ती वापरलेलीच. डीएसजीत दोन कोरडे क्लच, आणि गिअर टाकायचं काम मेकॅट्रॉनिक नावाच्या भागाकडे. तो गेला तर बिल लाखाच्या पुढे. २०२०नंतरच्या १.० लिटरच्या ऑटोमॅटिकमध्ये डीएसजी नाही, साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे.

४.४५
निगडी. पांढरी, २०१६ची. बॉनेट गार. मिस्त्री मालकाला मनापासून थँक्यू म्हणतात. किल्ली फिरते. आवाज साफ, धूर नाही. स्कॅनरमध्ये फॉल्ट नाही, आणि फॉल्ट नुकतेच पुसलेत असंही दिसत नाही. ते चादर टाकून खाली जातात. स्प्रिंग कंपनीच्या, सायलेन्सर कंपनीचा. हे बघायलाच हवं. अशा गाड्यांच्या इंजिनच्या कॉम्प्युटरला हौसेने रीमॅप मारतात, ताकद वाढते आणि सगळा भार क्लचवर येतो.

टायरवर चार आकडे, २३१८. म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. चारही टायर बदलायचे, अठ्ठावीस हजार धरा.

५.३०
आता चालवायची. जीटी हातात आली की जो तो अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. मिस्त्री निगडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शिरतात. ताशी दहा, पंधरा. थांब, सरक, थांब. एसी, रेडिओ बंद. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सीटखाली बारीक थरथर येते. पोराला कळत नाही. मिस्त्री त्याचा तळवा सेंटर कन्सोलवर ठेवतात आणि गाडी पुन्हा सरकवतात. आता कळतं. क्लच घासायला लागलाय. पॅनलवर गिअरची अक्षरं लुकलुकत नाहीत, हे चांगलं. माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात मोलाची तपासणी हीच. मोकळ्या रस्त्यावर जीटी सगळ्यांनाच आवडते, क्लच मात्र गर्दीतच बोलतो.

शेवटी हायवेला एकदा पूर्ण दाब, नजर आरशात. धूर नाही. परत आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत, टर्बोला मिनिटभर देतात.

७.१५
आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणजे कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी हातात. ई-चलान बाकी नाही. सर्व्हिसची बिलं ओळीने लावलेली, किलोमीटर जुळतात. मालक सव्वापाच लाख म्हणतो.

"टायर आणि क्लचचे कापून साडेचार द्या. त्याच्या वर जाऊ नका."

मिस्त्रींचे आज तीन हजार आले, त्यातून पेट्रोलचे दोनशे, गॅरेजमधल्या पोराचे सहाशे. निघताना ते गाडी घेणाऱ्या पोराला बजावतात: गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो फरक तुम्हालाच भरावा लागेल.